सूर्याची भट्टी मंद कां?

सूर्य म्हणजे धगधगणारी आग, असें आपण बालवर्गापासून ऐकत आलों आहों. परंतु आग या शब्दानें चुलींतील लांकडांत किंवा एंजिनांतील कोळशांत जें घडतें तेंच आपल्या मनांत येत असेल, तर सूर्यांत तसें कांहींच घडत नाहीं. सूर्याएवढ्या वजनाचा कोळशाचा गोळा पेटविला आणि सूर्य देतो तितकी उष्णता त्याच्याकडून घेतली, तर तो पांच-सहा हजार वर्षांत जळून खाक होईल. एकोणिसाव्या शतकांत लॉर्ड केल्व्हिन यांनीं निराळा हिशेब मांडला. सूर्य आपल्याच भारानें आकसत आहे व त्या आकसण्यापासून उष्णता निघते, असें धरल्यास त्याचें आयुष्य कांहीं कोटी वर्षें भरतें. कोळशाच्या मानानें हा आंकडा मोठा खरा. परंतु उल्कापाषाणांतील किरणोत्सर्गी द्रव्यांवरून सूर्यमालेचें वय सुमारें ४६० कोटी वर्षें ठरलें आहे. तेव्हां केल्व्हिन यांचें इंधनही अपुरेंच पडतें.

मग सूर्य जळतो तरी कशावर, हा एक प्रश्न. आणि तें इंधन इतकीं वर्षें पुरवून पुरवून जळतें तें कसें, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर शाळेच्या पुस्तकांतही आढळतें. दुसरा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं. या लेखांत आम्ही विशेषेंकरून दुसऱ्याच प्रश्नाचा विचार करणार आहों, कारण त्यांत शास्त्राची एक मोठी कसोटी दडलेली आहे. जी गोष्ट प्रयोगशाळेंत सहसा मोजतां येत नाहीं तिचा हिशेब मांडावा कसा, आणि त्या हिशेबावर विश्वास ठेवावा कितपत, ही ती कसोटी होय.

इ. स. १९२० च्या सुमारास केंब्रिज येथें ॲस्टन यांनीं अणूंचीं वजनें फार बारकाईनें मोजलीं. त्यांवरून असें दिसलें कीं, चार हायड्रोजन-अणूंचें एकंदर वजन एका हेलियम-अणूच्या वजनाहून किंचित्, म्हणजे हजारांत सुमारें सात भागांनीं, अधिक भरतें. १९२० सालींच कार्डिफ येथें ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत आर्थर एडिंग्टन यांनीं असें सुचविलें कीं, ताऱ्यांच्या पोटांत हायड्रोजनचें हेलियम होत असावें, व वजनांतील ही तूट आइन्स्टाइन यांच्या नियमाप्रमाणें ऊर्जेच्या रूपानें बाहेर पडत असावी. पुढें १९२५ त सेसिलिया पेन यांनीं आपल्या देशाच्या मेघनाद साहा यांच्या समीकरणाच्या आधारें ताऱ्यांचा प्रकाश तपासला, तेव्हां तारे मुख्यत्वें हायड्रोजनचेच बनलेले आहेत असें दिसून आलें. इंधनाचा सांठा सांपडला. आजच्या हिशेबाप्रमाणें सूर्यांत दर सेकंदास सुमारें ६० कोटी टन हायड्रोजनचें हेलियम होतें, आणि त्यांत ४० लक्ष टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जारूप होऊन बाहेर पडतें.

परंतु येथेंच एक अडचण उभी राहते. हायड्रोजनच्या अणुगर्भास प्रोटॉन म्हणतात. प्रत्येक प्रोटॉनावर धन विद्युद्भार असतो, आणि सजातीय विद्युद्भार एकमेकांस दूर लोटतात हें विद्युत्‌शास्त्राच्या पहिल्याच पाठांत आपण शिकतों. दोन अणुगर्भांस बांधून ठेवणारें बळ फार मोठें आहे खरें, पण तें सेंटिमीटरच्या लक्ष-कोटींशाहूनही कमी अंतरावरच आपला प्रभाव दाखवितें. तितक्या जवळ येईपर्यंत दोघांच्या मध्यें प्रतिसारणाचा जणूं एक डोंगर उभा असतो. त्याची उंची मोजण्यास आपण किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट हें माप घेऊं. एक हजार व्होल्टांच्या विद्युद्दाबांतून जातांना एका प्रोटॉनास जितकी ऊर्जा मिळते तितकी म्हणजे एक माप. या मापानें त्या डोंगराची उंची पांचशेंच्या आसपास भरते. उलट, सूर्याच्या मध्यभागीं उष्णतामान सुमारें दीड कोटी अंश असूनही तेथील प्रोटॉनाच्या वांट्यास सरासरीनें अवघीं एक-दोन मापें ऊर्जा येते. पांचशें हात उंच तटबंदी, आणि उडी मारणाऱ्याची झेप दोन हातांची! सूर्य पुरेसा उष्णच नाहीं, असा आक्षेप यामुळें निघाला. एडिंग्टन यांनीं आक्षेपकांना, याहून उष्ण जागा तुम्हीच शोधून आणा, अशा अर्थाचा टोमणा मारला. पण टोमणा म्हणजे सिद्धता नव्हे.

सिद्धता निराळ्याच वाटेनें आली. १९२८ त जॉर्ज गॅमॉव यांनीं, आणि त्यांच्याहून स्वतंत्रपणें गर्नी व कॉंडन यांनीं, जड अणुगर्भांतून आल्फा-कण बाहेर कसे पडतात याचा उलगडा क्वांटम-सिद्धांताच्या साह्यानें केला. या सिद्धांताप्रमाणें सूक्ष्म कण हा केवळ गोटीसारखा नसतो; तो लाटेसारखाही वागतो. म्हणून डोंगराच्या माथ्यावर चढण्याइतकी ऊर्जा नसतांही तो क्वचित् पलीकडच्या बाजूस सांपडतो. घाटमाथा न चढतां बोगद्यांतून पार होणाऱ्या आगगाडीची उपमा येथें देतात. मात्र बोरघाटांतील बोगदा खणून तयार आहे, त्यांतून प्रत्येक गाडी पार होते. येथें खणलेलें असें कांहींच नाहीं, आणि पार होणें हें केवळ संभवाचें काम आहे. पुढच्याच वर्षीं, १९२९ त, ॲटकिन्सन व हाउटरमान्स यांनीं हा विचार ताऱ्यांस लावून पाहिला, आणि बंद वाटणारी वाट मोकळी झाली.

आतां विद्यार्थ्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन पुढील हिशेब लक्षपूर्वक पाहावा. सूर्यगर्भांतील टकरी सारख्या नसतात. कांहीं मंद, कांहीं वेगवान. ऊर्जा जसजशी वाढते तसतशा तितक्या ऊर्जेच्या जोड्या झपाट्यानें विरळ होतात. उलटपक्षीं, ऊर्जा जसजशी वाढते तसतसा डोंगर पार होण्याचा संभव झपाट्यानें वाढतो. इतर लहानसहान गुणक सोडून दिले, तर या दोहोंचा गुणाकार म्हणजेच टक्कर सफल होण्याचें प्रमाण.

प्रथम १.३ मापांची मंद टक्कर घ्या. हिचा उष्णतेचा गुणक २.७ त एक, म्हणजे अशा जोड्या विपुल; पण डोंगर पार होण्याचा संभव सुमारें २९ कोटींत एक. गुणाकार सुमारें ७८ कोटींत एक. आतां २० मापांची वेगवान टक्कर घ्या. डोंगर पार होण्याचा संभव सुमारें १४३ त एक, म्हणजे चांगलाच. पण उष्णतेचा गुणक ४८ लक्षांत एक. गुणाकार सुमारें ६९ कोटींत एक. शेवटीं ६ मापांची मध्यम टक्कर घ्या. उष्णतेचा गुणक १०१ त एक, आणि पार होण्याचा संभव सुमारें ८,६०० त एक. गुणाकार सुमारें ८ लक्ष ७० हजारांत एक! दोन्ही टोकांपेक्षां ही मधली टक्कर आठशें-नऊशें पटींनीं अधिक फलदायी ठरते.

तात्पर्य, मंद कणांना पार होतां येत नाहीं, वेगवान कण जवळजवळ नाहींतच, आणि सूर्याचा सारा संसार या दोहोंमधील एका अरुंद खिडकींतून चालतो. या खिडकीस गॅमॉव यांचेंच नांव दिलेलें आहे. प्रत्येक प्रक्रियेची खिडकी निराळी असते. गर्भावरील विद्युद्भार जितका अधिक, तितकी ती वरच्या ऊर्जेकडे सरकते.

बरें, डोंगर पार झाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. नुसते दोन प्रोटॉन एकमेकांस चिकटून राहूं शकत नाहींत. ज्या निमिषांत ते जवळ आले त्याच निमिषांत त्यांपैकीं एकाचें रूपांतर न्यूट्रॉनांत झालें, तरच ड्यूटेरियमचा गर्भ तयार होतो. एरवीं दोघेही आले तसे परत फिरतात. हें रूपांतर घडविणारें बळ निसर्गांत अतिशय दुबळें आहे. परिणाम असा कीं, सूर्याच्या मध्यभागीं एका प्रोटॉनाची टक्कर या रीतीनें सफल होण्यास सरासरी सुमारें एक हजार कोटी वर्षें लागतात. ही पायरी ओलांडली कीं पुढचें काम भराभर होतें. ड्यूटेरियमला कांहीं सेकंदांतच आणखी एक प्रोटॉन येऊन मिळतो, व तीन कणांचा हलका हेलियम-गर्भ तयार होतो. आणि असे दोन हलके गर्भ आदळले म्हणजे चार कणांचें नेहमींचें हेलियम होऊन दोन प्रोटॉन मोकळे होतात. या सांखळीचा पाया असलेल्या पहिल्या पायरीचा हिशेब बेथे व क्रिचफील्ड यांनीं १९३८ त केला.

आमच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर हेंच. भट्टीचें तोंड या पहिल्या पायरीनें आवळून धरलें आहे. सूर्याच्या अगदीं मध्यावरील एक घनमीटर जागा घेतली तर तींतून तीनशें वॉटांहूनही कमी शक्ति निघते. आकारमानास आकारमान लावून पाहिलें, तर आपलें स्वतःचें शरीर सूर्यगर्भाच्या कित्येक पट उष्णता निर्माण करीत असतें! सूर्य तेजस्वी आहे तो त्याची भट्टी तीव्र आहे म्हणून नव्हे, तर ती अवाढव्य आहे म्हणून. आणि ती मंद आहे म्हणूनच पृथ्वीवर जीव उपजण्यास व वाढण्यास अवसर मिळाला. ज्यानें सूर्य निर्मिला त्यानें त्याच्या पोटांत आगीबरोबर संयमही ठेवला, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

असो. आतां कसोटीकडे वळूं. वरील हिशेब कागदावर सुंदर दिसतो. पण तो खरा कशावरून? प्रयोगशाळेंत प्रोटॉनांचा झोत सोडून प्रक्रिया मोजाव्या, हा सरळ मार्ग. परंतु सूर्याच्या खिडकींतील ऊर्जेवर प्रक्रिया इतक्या विरळ घडतात कीं, आकाशांतून अखंड कोसळणाऱ्या विश्वकिरणांच्या गलबल्यांत त्या हरवून जातात. पहिली, प्रोटॉन-प्रोटॉन पायरी तर या ऊर्जेवर कोणत्याही प्रयोगशाळेंत आजवर मोजली गेलेली नाहीं. तिचा वेग सिद्धांतावरूनच काढतात, आणि त्यांत शेंकडा एकाच्या आसपास चूक संभवते असें धरतात. इतर प्रक्रियांसाठीं शास्त्रज्ञ अधिक ऊर्जेवर मोजमाप करितात, आणि तेथील आंकड्यांवरून एक गणिती प्रतिमान रचून खालच्या, न मोजलेल्या प्रदेशांत रेषा पुढें वाढवितात.

ही रेषा वाढविण्याची एक युक्ति आहे. तूप मोजतांना वाणी आधीं रिकाम्या भांड्याचा धडा करतो, म्हणजे भांड्याचें वजन हिशेबांतून जातें व निव्वळ तूप कळतें. त्याचप्रमाणें शास्त्रज्ञ मोजलेल्या आंकड्यांतून डोंगर पार होण्याचा, नियम ठाऊक असलेला गुणक आधीं भागून काढतात. हा गुणकच ऊर्जेबरोबर वेड्यासारखा खालींवर होत असतो. तो गेल्यावर जें उरतें तें त्या अणुगर्भांचें स्वतःचें वैशिष्ट्य. तें बहुधा सावकाश बदलतें, आणि म्हणून त्याची रेषा पुढें वाढविणें सोपें जातें.

"बहुधा" या शब्दांतच सारा धोका आहे. झोपाळ्यास योग्य लयींत धक्का मिळाला कीं तो एकाएकीं उंच जातो. तसेंच एखाद्या विशिष्ट ऊर्जेवर दोन गर्भांचा अनुनाद जुळून आला, तर प्रक्रिया एकदम शतपट वाढूं शकते. असा अनुनाद न मोजलेल्या प्रदेशांत लपला असेल, तर सरळ वाढविलेली रेषा साफ फसवील.

हा संशय केवळ काल्पनिक नव्हता. सूर्यांतील सांखळींत न्यूट्रिनो नांवाचे कण उत्पन्न होतात, आणि ते कशासही न अडखळतां सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोंचतात. आपल्या अंगावरील प्रत्येक चौरस सेंटिमीटरांतून दर सेकंदास असे सुमारें ६,५०० कोटी कण निघून जातात. अमेरिकेंतील होमस्टेक या सोन्याच्या खाणींत, जमिनीखालीं सुमारें दीड किलोमीटर खोल, रेमंड डेव्हिस यांनीं कपडे धुण्याच्या कारखान्यांत वापरतात तसल्या क्लोरीनयुक्त द्रवाचे ६०० टनांहून अधिक भरलेलें टांकें ठेवलें. त्यांतील क्लोरीनच्या अणूवर न्यूट्रिनोचा आघात झाला तर आर्गॉनचा अणु होतो. १९६८ पासून निष्कर्ष येऊं लागले. शेवटीं सरासरी अशी निघाली कीं, त्या सबंध टांक्यांत दोन दिवसांस सुमारें एक अणु होतो. म्हणजे जॉन बाकॉल यांच्या हिशेबाच्या अवघा एक-तृतीयांश.

आतां चूक कोणाची? डेव्हिस यांची, सूर्याच्या प्रतिमानाची, कीं रेषा वाढविणाऱ्यांची? १९७२ त असें सुचविलें गेलें कीं, हलक्या हेलियमच्या दोन गर्भांच्या टकरींत खालच्या ऊर्जेवर एखादा अनुनाद लपलेला असावा. तसें असतें तर सांखळी त्याच सरळ वाटेनें अधिक चालली असती, बोरॉनकडे जाणारी आडवाट ओस पडली असती, आणि डेव्हिस यांना मुख्यतः दिसणारे न्यूट्रिनो त्या आडवाटेचेच असल्यामुळें त्यांची तूटही समजली असती. युक्तिवाद बिनतोड दिसत होता. तो तपासण्याचा उपाय एकच होता: रेषा वाढवीत न बसतां सूर्याच्याच खिडकींत जाऊन मोजणें.

हें काम इटलींतील ग्रान सास्सो पर्वताखालीं झालें. तेथें सुमारें १,४०० मीटर जाडीचा खडक विश्वकिरणांस अडवितो. (असें भूगर्भांत शिरून कणांची वाट पाहणें आपल्या देशासही नवें नाहीं. १९६५ त कोलारच्या सोन्याच्या खाणींत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह वातावरणांत उत्पन्न झालेले न्यूट्रिनो टिपले होते.) ग्रान सास्सो येथील "लूना" नांवाच्या प्रयोगांत केवळ पन्नास हजार व्होल्टांचें लहान यंत्र वापरून हलक्या हेलियमची टक्कर १६.५ मापांपर्यंत खालीं मोजण्यांत आली, म्हणजे प्रत्यक्ष सूर्याच्या खिडकींत. त्या ऊर्जेवर महिन्यास सुमारें दोन घटना मिळत. महिनाभर यंत्र चालवावें, आणि वहींत दोन लिहावे! हे निष्कर्ष १९९९ त प्रसिद्ध झाले. अनुनाद कोठेंही आढळला नाहीं. या प्रक्रियेपुरती तरी रेषा खरी ठरली.

मग तूट गेली कोठें? कॅनडांतील सडबरी येथें एका खाणींत दोन किलोमीटर खोल, एक हजार टन जड पाण्याच्या साह्यानें २००१ व २००२ सालीं याचा निकाल लागला. न्यूट्रिनोंच्या तीन जाती आहेत. सूर्यांतून निघालेले कण वाटेंत जात बदलतात, आणि डेव्हिस यांचें टांकें त्यांपैकीं एकच जात ओळखूं शकत होतें. तिन्ही जातींची बेरीज घेतली तेव्हां ती सूर्याच्या प्रतिमानाशीं जुळली. डेव्हिसही बरोबर होते, बाकॉलही बरोबर होते. अपुरें होतें तें न्यूट्रिनोविषयींचें आपलें ज्ञान. डेव्हिस यांना २००२ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. पुढें २०१४ त ग्रान सास्सो येथीलच "बोरेक्सिनो" प्रयोगानें प्रोटॉन-प्रोटॉन पायरींतून निघालेले न्यूट्रिनो प्रत्यक्ष टिपले, आणि जी पायरी यंत्रांत कधीं मोजतां आली नाहीं तिची साक्ष खुद्द सूर्यानेंच दिली.

परंतु प्रतिमान नेहमींच जिंकतें असा समज कोणीं करून घेऊं नये. सूर्याहून मोठ्या ताऱ्यांत कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या मध्यस्थीनें हायड्रोजनचें हेलियम होतें. सूर्यांत या मार्गाचा वांटा शेंकडा एकाच्या आसपास आहे. या मार्गावरील सर्वांत संथ पायरी म्हणजे नायट्रोजनवर प्रोटॉनाची टक्कर. तिच्यासाठीं वाढविलेली जुनी रेषा वर्षानुवर्षें सर्वमान्य होती. लूनाच्या २००४ मधील मापनानें ती प्रक्रिया मान्य आंकड्याच्या सुमारें निम्म्यानेंच घडते असें दाखविलें. एवढ्या एका दुरुस्तीनें आकाशांतील अतिप्राचीन तारकागुच्छांचें वय सत्तर-ऐंशीं कोटी वर्षांनीं किंवा त्याहूनही अधिक वाढवावें लागलें. पर्वताच्या पोटांतील एका लहानशा यंत्रावर मोजलेल्या थोड्याशा प्रकाशकणांनीं ताऱ्यांची जन्मपत्रिका बदलली!

या दोन कथांचा अर्थ एकत्र घ्यावयास हवा. एकींत वाढविलेली रेषा खरी ठरली, दुसरींत खोटी. प्रत्यक्ष मोजण्यापूर्वीं कोणती खरी व कोणती खोटी हें नुसत्या डोळ्यांनीं सांगतां आलें नसतें. म्हणून हिशेब हा त्याज्य नव्हे, आणि पूज्यही नव्हे. जो हिशेब आपल्या संभाव्य चुकीची मर्यादा स्वतःहून सांगतो, आणि कसोटीचा दिवस उगवला म्हणजे तोंड लपवीत नाहीं, तोच विश्वासास पात्र होय.

आमच्या विद्यार्थ्यांस यांतून घेण्यासारखें कांहीं दूरचें नाहीं. प्रयोगाच्या तासास लोलकाचा काळ मोजतांना किंवा विद्युत्‌रोध काढतांना आपलें उत्तर पुस्तकांतील उत्तराशीं जुळलें नाहीं, कीं वहींतील आंकडा हळूच खोडून "सुधारण्याचा" मोह पुष्कळांस होतो. डेव्हिस यांच्या समोरही सर्वमान्य उत्तर होतें, आणि तें त्यांच्या आंकड्याच्या तिप्पट होतें. त्यांनीं यंत्र पुनःपुन्हां तपासलें, चाचण्या घेतल्या, पण सुमारें पाव शतक वहींत जें आलें तेंच लिहिलें. त्यांनीं तो आंकडा जुळवून घेतला असता, तर सूर्याविषयीं नवें कांहीं शिकलों नसतोंच, पण न्यूट्रिनोचें गुपितही कदाचित् कित्येक वर्षें बंदच राहिलें असतें. बाजारांत खोटें वजन ठेवणाऱ्यास आपण पापी म्हणतों. प्रयोगवहींत खोटा आंकडा लिहिणारा निराळें काय करतो? ईश्वराच्या सृष्टीचें मोजमाप करावयास बसलेल्याच्या हातीं तराजू खरा असावा, ही त्याची पहिली पात्रता होय. मग महिनाभराच्या श्रमांचें फळ दोनच घटना असल्या, तरी वहींत दोनच लिहाव्या.